वासरात न जाणाऱ्या पेशी नेमकं काय करतात? वर्गात कसं सांगायचं?

पेठेतला_प्राणिशास्त्री, सोलापूर
बी.एस्सी. तिसऱ्या वर्षाला भ्रूणबाह्य ऊती (भ्रूणाबरोबर वाढणारे, पण पिलात न जाणारे थर) शिकवायच्यात. निम्मी पोरं सांगोला, मोहोळ, मंगळवेढ्याकडची, घरी गोठा असलेली. पुस्तक मात्र सगळं उंदरांचं. सात दिवसांच्या भ्रूणातल्या (ब्लास्टोसिस्ट) बहुतेक पेशी बाहेरच्या थराच्या, ट्रोफेक्टोडर्मच्या. त्या वासरात जातच नाहीत, मग ते नुसतं पॅकिंग का, असं पोरं विचारतात. आणि भरवलेली गाय कधी २१ दिवसांनी उलटते (पुन्हा माजावर येते), कधी ३० दिवसांनी, त्याचा याच्याशी संबंध लावता येईल का?

कांडी_नायट्रोजन
सर, उलटण्यापासूनच सुरू करा. गाईचं भ्रूण लगेच चिकटत नाही. आठव्या-नवव्या दिवशी कवचातून निघतं, बाराव्या-तेराव्या दिवशी मिलिमीटरांतच मोजावं एवढं असतं. मग लांबतं. सोळाव्या-सतराव्या दिवशी दहा सेंटिमीटरच्या वर, ओल्या दोऱ्यासारखं. त्यात वासरू होणारी चकती ठिपक्याएवढी, बाकी सगळा ट्रोफोब्लास्ट, म्हणजे तुमचा ट्रोफेक्टोडर्मच वाढलेला.

हाच थर इंटरफेरॉन टाऊ नावाचं प्रथिन सोडतो. त्यामुळे गर्भाशयाच्या अस्तरात ऑक्सिटोसिनचे रिसेप्टर वाढत नाहीत, पीतपिंड विरवणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनचे झटके बसत नाहीत आणि पीतपिंड (बीजांडकोशावरची, प्रोजेस्टेरॉन हे गाभ टिकवणारं संप्रेरक सोडणारी गाठ) टिकतो. सोळाव्या दिवसाच्या सुमारास हा निरोप पोचला नाही की पीतपिंड विरतो आणि गाय वेळेवर, २१ दिवसांनी, माजावर येते. निरोप पोचून मग भ्रूण मेलं तर माज लांबतो. १९८०च्या दशकात चकती काढलेल्या नुसत्या ट्रोफोब्लास्टच्या पिशव्या गर्भाशयात सोडून पाहिल्या, तरी काही गाईंचा पीतपिंड जास्त दिवस टिकला! वासराचा पत्ता नाही आणि गाय गाभण असल्यासारखी. पॅकिंगवाल्या पोराला एवढं पुरे.

दोरा काचपात्रात असा लांबत नाही. त्याला गर्भाशयाच्या ग्रंथींचा स्राव लागतो आणि तो प्रोजेस्टेरॉनवर चालतो. भरवल्यावर पहिल्या आठवड्यात प्रोजेस्टेरॉन हळू चढलं की दोरा आखूड, इंटरफेरॉनही तोकडं. प्रत्यारोपणात भ्रूण पीतपिंडाच्याच बाजूच्या शिंगात (गर्भाशयाच्या फाट्यात) सोडतात तेही यामुळेच: प्रोस्टाग्लँडिन त्याच बाजूच्या शिरेतून शेजारच्या बीजांडकोशाकडे जातं, अडवायचं तर तिथंच.

आदिरेखा
ही झाली आईशी बोलणी. भ्रूणालाही हेच थर दिशा देतात, आणि ते उंदरात नीट तपासलंय. साडेपाचव्या दिवशी पेल्यासारख्या भ्रूणाच्या तळाशी जमलेल्या व्हिसरल एन्डोडर्मच्या (भ्रूणाला बाहेरून वेढणारा भ्रूणबाह्य थर) काही पेशी एका बाजूला सरकतात. तिथून सर्बेरस, लेफ्टी आणि डीकेके१ सोडतात. ही नोडल आणि विंट या पेशींमधल्या संदेशांना अडवणारी प्रथिनं. त्या बाजूला डोकं. विरुद्ध बाजूला, भ्रूणबाह्य एक्टोडर्ममधून (ट्रोफेक्टोडर्मपासूनच झालेला थर) येणाऱ्या बीएमपी४ या संदेश-प्रथिनाच्या जोरावर, साडेसहाव्या दिवशी आदिरेखा (प्रिमिटिव्ह स्ट्रीक, शरीराचे थर जिथून पडतात ती रेघ) उमटते.

ही आकृती गाईला जशीच्या तशी चिकटवू नका. गाईची चकती सपाट असते आणि तिच्यावरचा ट्रोफेक्टोडर्म, म्हणजे राउबरचा थर, चौदाव्या दिवसाच्या सुमारास विरून जातो. उंदरात भ्रूणबाह्य एक्टोडर्म ज्या भागापासून होतं, तो भाग गाईत उरतच नाही. परीक्षेत हमखास घोळ होतो तो इथं.

वगार_पंढरपुरी
३० दिवसांनी उलटली म्हणजे भ्रूण मेलंच, असं पोरांच्या डोक्यात भरवू नका. माज चुकीचा ओळखून भरवली असेल तरी आकडा असाच पडतो. ४०-४५ म्हणजे बहुतेक वेळा मधला एक माज निसटलेला. म्हशीत मुका माज (बाहेरून लक्षणं न दिसणारा) नेहमीचा, उन्हाळ्यात तर विचारूच नका. आपल्याकडे मेमध्ये पारा चाळिशीपार असतो आणि उष्णतेचा सगळ्यात मोठा फटका भरवल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांतल्या भ्रूणाला बसतो. ती जनावरं २१ दिवसांनीच उलटतात, म्हणजे 'गाभ धरलाच नाही' अशीच नोंद होते.

खात्री हवी तर २८-३० दिवसांनी सोनोग्राफीत हृदयाचे ठोके बघा. रक्तातली पीएजी (गाभणपणात रक्तात येणारं प्रथिन) चाचणीही २८ दिवसांपासून चालते. पण हे प्रथिन ट्रोफोब्लास्टच्या दोन केंद्रकं असलेल्या पेशींचं. भ्रूण मेल्यावरही काही दिवस आणि व्यायल्यानंतर दोनेक महिने रक्तात रेंगाळतं, त्या काळात खोटं 'गाभण' निघतं.

पेठेतला_प्राणिशास्त्री, सोलापूर
आभार. प्रात्यक्षिकाला व्यायलेल्या गाईचा जार (बाहेर पडलेली वार) आणला तर चालेल?

वगार_पंढरपुरी
चालेल, पण गाभ टाकलेल्या किंवा ब्रुसेला (माणसालाही लागणारा, गाभ टाकायला लावणारा जंतू) तपासणी न झालेल्या जनावराचा अजिबात नको. हातमोजे घालूनच हाताळायचा. अख्खा जार भरायला जाऊ नका, चार-पाच लाल बटणं (कोटिलेडॉन) येतील एवढा तुकडा कापा. पूर्ण जारावर अशी ७० ते १२० असतात. तुकड्याच्या दहापट १० टक्के फॉर्मेलिन, दोन दिवस, सपाट पसरून. घडी करून बुडवलात तर आत फॉर्मेलिन पोचत नाही, मधला भाग कुजतो आणि वास वर्गभर. पोरांच्या हातात देण्याआधी वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवा. बटणांमधला पातळ पडदा उजेडाला धरलात की शिरा दिसतात. त्या वासराच्या, गाईच्या नव्हेत.