मदत हवी आहे: जँगोच्या मॉडेलवरून संपूर्ण स्कीमा कसा मिळवावा?

सर्वांना नमस्कार. आमचा प्रकल्प जँगो (पायथनमधील वेब फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) यांवर आहे; जँगोत टेबलांची व्याख्या मॉडेल नावाच्या पायथन क्लासमध्ये लिहितात. डेटाबेस सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांना सर्व टेबलांचा स्कीमा (म्हणजे रचना) तपासणीसाठी एकाच एसक्यूएल फाइलमध्ये हवा आहे, आणि त्यांची ही मागणी मला पूर्णपणे रास्त वाटते.

जँगोच्या जुन्या आवृत्त्यांमधील, टेबले तयार करण्याचे एसक्यूएल छापणारी 'एसक्यूएलऑल' ही आज्ञा आता उरलेली नाही. 'एसक्यूएलमायग्रेट' एका वेळी एकाच मायग्रेशनचे (स्कीमातील बदलांच्या एका टप्प्याचे) एसक्यूएल दाखवते, त्यामुळे अनेक वर्षांत साठलेल्या बदलांमधून टेबलाचे आजचे रूप वाचणाऱ्यालाच जुळवावे लागते. रिकाम्या डेटाबेसवर सर्व मायग्रेशन चालवून 'पीजी_डंप' या पोस्टग्रेसच्या साधनाने केवळ स्कीमा काढणे, हा मार्ग मला सर्वांत विश्वासार्ह वाटतो. परंतु बिल्ड सर्व्हरवर (कोड आपोआप बांधून तपासणाऱ्या यंत्रावर) आम्हाला डेटाबेस चालवता येत नाही. डेटाबेसची जोडणी नसताना, थेट मॉडेलवरून सर्व 'क्रिएट टेबल' विधाने मिळवण्याचा खात्रीचा मार्ग कोणी वापरला आहे का?

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मॉडेलमध्ये 'ऑन_डिलीट' कॅस्केड (मूळ नोंद पुसल्यावर तिच्यावर अवलंबून नोंदीही पुसणे) लिहिले, तरी ते काम जँगो स्वतः करते आणि डेटाबेसमधील परकीय कीच्या (दुसऱ्या टेबलातील नोंदीशी जोडणाऱ्या बंधनाच्या) व्याख्येत 'ऑन डिलीट कॅस्केड' येत नाही. नेहमीचे 'डिफॉल्ट' मूल्यही स्कीमात राहत नाही. असे मूल्य डेटाबेसमध्येच ठेवण्यासाठी जँगोच्या ५.० आवृत्तीपासून 'डीबी_डिफॉल्ट' उपलब्ध आहे, पण आमच्याकडे अजून ४.२ आहे. अन्य प्रणालीही याच टेबलांत थेट नोंदी करत असल्याने हे नियम डेटाबेसमध्येच असावेत, असे माझे मत आहे. ते 'रनएसक्यूएल'ने (मायग्रेशनमध्ये थेट एसक्यूएल चालवण्याच्या सोयीने) घातल्यास पुढील मायग्रेशनमध्ये, विशेषतः एखादे फील्ड बदलताना, ते पुसले जाण्याचा धोका कसा टाळावा?