मदत हवी आहे: गावात रोजगार हमीचं काम मागूनही मिळत नाही, नियमाने कसं मागायचं?

नमस्कार मंडळी. मी मूळचा बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातला, सध्या पुण्यात एका कारखान्यात सुपरवायझर आहे. प्रश्न माझ्या थोरल्या भावाचा आणि वहिनीचा आहे. त्यांना इथं येऊन लिहायला जमणार नाही, म्हणून मीच लिहितोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

दोघं बारा वर्षं कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातात. दिवाळी झाली की कधी कोल्हापूरकडं, कधी कर्नाटकात, आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परत. जमीन दीड एकर, तीही कोरडवाहू. यंदा पुतणी दहावीत जातेय. नववीला तिला आजीजवळ ठेवलं होतं, पण म्हातारी पाय घसरून पडली आणि सहामाहीनंतर पोरगीच भाकरी थापत बसली. वहिनीनं आता धरूनच ठेवलंय, यंदा जायचं नाही. गेल्या हंगामाचे सात हजार मुकादमाचे (तोडणीला टोळी नेणारा ठेकेदार) अंगावर आहेत, ते मी देतो म्हणालोय. पण आखाडात तो पुढच्या हंगामाची उचल (आगाऊ पैसे) घेऊन दारात येणार. तेव्हा हातात काही नसलं तर भाऊ पैसे घेणार, हे मला लिहून ठेवल्यासारखं दिसतंय.

म्हणून म्हटलं, गावातच रोहयोवर (रोजगार हमी योजनेवर) काम मिळालं तर? भाऊ रोजगार सेवकाकडं (गावात रोहयोचं काम बघणारा) तीनदा जाऊन आला. दर वेळी एकच उत्तर, "वरून कामच मंजूर न्हाई, आलं की निरोप देतो." निरोप काही आला नाही. आणि एप्रिलात वस्तीकडचा पाणंद रस्ता दोन रात्रींत जेसीबीनं झाला. आमची आई म्हणाली, "मला वाटलं इमानच (विमान) उतरायलंय रानात." भावाचं जॉबकार्ड 'ऑनलाइन करायला' म्हणून सेवकानं नेलंय, त्याला चार महिने झाले.

माझा हिशोब असा: १०० दिवस, माणसं दोन, रोज ३१२ रुपये (२०२५-२६ चा दर), म्हणजे ६२ हजार ४०० रुपये. त्यात मी थोडे घातले तर वर्ष निघेल. हे बरोबर आहे का? आणि काम मागायचं म्हणजे नेमकं कुणाकडं, कोणत्या कागदावर? भांडण नकोय, भावाला त्याच गावात राहायचंय. उगाच 'माहितीचा अधिकार टाका' असं कुणी सांगू नये, ते शेवटचं.

खाडा_नको:
दादा, हिशोबात चूक आहे. १०० दिवस माणशी नाहीत, कुटुंबामागं आहेत. दोघं कामावर गेले की पन्नास दिवसांत संपले. म्हणजे ३१ हजार २००, तेही पुरं माप पडलं तर. कारण ३१२ हा ठरलेला रोज नाही, मोजमापावर पडतो. मुरूम लागला की हात चालत नाही आणि हजेरी २१०-२२० वर येते. आमच्याकडं ब्रास (खोदाईचं माप) मोजायला तांत्रिक सहायक आठ-आठ दिवस फिरकत नाही. तोवर पाऊस झाला की खड्डा बुजला, माप गेलं. हिशोब निम्म्याचाच धरा. मी पण तोडणी केलीय. दोघं मिळून दिवसाला दोन टन तोडलं तर त्यापुढं रोहयो काहीच नाही. मुकादम उचल आधी देतो, सरकार मजुरी नंतर देतं, सगळं गाडं तिथंच अडतं.

निवृत्त_अव्वल_कारकून:
मी तहसीलच्या रोहयो शाखेत काही वर्षं काढली आहेत, म्हणून सांगतो. तोंडी मागणीची नोंदच राहत नाही. तुमचे बंधू तीनदा गेले, पण सरकारच्या लेखी ते एकदाही गेलेले नाहीत. "कामाला मागणीच नाही" हे वर कळवायला त्यामुळेच सोपं जातं.

मागणी नमुना ४ वर, म्हणजे काम मागण्याच्या छापील अर्जावर, करायची. किती दिवस काम हवं आणि कधीपासून, हे त्यात लिहायचं आणि तारीख घातलेली पोच घ्यायची. सगळा जीव त्या पोचेत आहे. त्या तारखेपासून १५ दिवसांत काम मिळालं नाही, तर बेरोजगार भत्ता लागू होतो: पहिले ३० दिवस मजुरीच्या पाव, त्यानंतर किमान निम्मा. भत्ता हातात पडलेला मी फार कमी पाहिला, हे खरं. पण त्याचा खुलासा कुणाला तरी द्यावा लागतो, म्हणून पोच दिली की कामं निघतात. सेवक घेत नसेल तर ग्रामसेवकाकडे द्या. तोही घेत नसेल तर पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांच्या नावे आवक टपालात टाका आणि शिक्का घ्या.

आणखी एक. एकट्याने देऊ नका. नवीन काम सुरू करायला किमान दहा मजूर लागतात, तेव्हा परत आलेल्या कोयत्यांपैकी दहा-बारा जणांना सोबत घ्या. त्यात भांडणही दिसत नाही, नुसता अर्ज दिसतो. ग्रामपंचायतीकडे काम नसेल तर तहसीलदारांकडे मागा. वन विभाग, सामाजिक वनीकरण, कृषी यांची कामे तिकडून निघतात.

जॉबकार्ड आधी ताब्यात घ्या. ते मजुराकडेच असायला हवं, दुसऱ्याने ठेवणं नियमात नाही. ते जेसीबीचं काम कुणाच्या नावच्या मस्टरवर (हजेरीपटावर) गेलं, ते वेबसाइटवर ग्रामपंचायत निवडून घरबसल्या दिसतं. बंधूंचं नाव घालून बघा.

डोंगरपट्टा (धागाकर्ता):
काका, बघितलं. भावाच्या नावावर एप्रिलात दोन मस्टर आहेत, बारा दिवस. त्या दिवसांत तो माझ्याकडं पुण्यात डोळे दाखवायला आला होता! हजेरीला तर म्हणे ॲपवर दोनदा फोटो लागतो. मग फोटो कुणाचा, देव जाणे.

अजून एक विचारायचं राहिलं. गेल्या वर्षी जूनमध्ये वहिनी बारा दिवस शोषखड्ड्यांच्या कामावर होती. त्याचे पैसे आलेच नाहीत. पासबुक भरून आणलं, जिल्हा बँकेच्या खात्यावर शून्य. वेबसाइटवर मात्र 'जमा' दिसतंय, २,७७२ रुपये. हे कुणी खाल्ले?

सीएससीवाला:
कुणीच खाल्ले नसावेत. मजुरी आता आधारवर जाते. आधार ज्या खात्याला शेवटचं जोडलं, पैसे तिकडं पडतात, मग अर्जात कुठलंही खातं लिहिलेलं असो. वहिनींनी मागच्या वर्षी लाडक्या बहिणीसाठी पोस्टात नवीन खातं काढलं होतं का? माझ्या सेंटरवर अशा बायका रोज येतात. पोस्टाचं स्टेटमेंट काढा.

खंडाळवाडीचा_म्हातारा:
बहात्तरच्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. आई खडी फोडायला जायची, मी तिला पाणी न्यायचो. दुपारी सुकडी मिळायची, त्या लोभानं. आमच्या गावचा पाझर तलाव त्याच कामातून झाला, अजून आहे. ही योजना दिल्लीची नाही हो, आपलीच. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला हा प्रयोग केला. राज्याचा कायदा १९७७ चा, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. केंद्राचा कायदा आला २००५ ला.

धागाकर्ते, तुमच्या पगारपत्रकावर व्यवसाय कराचे २०० रुपये कापलेले दिसतील. तो कर १९७५ ला रोजगार हमीच्या खर्चासाठीच लावला. तेव्हा भाऊ काम मागतोय म्हणजे कुणाकडं हात पसरतोय असं त्याला वाटू देऊ नका. आणि १०० दिवस ही केंद्राच्या त्या २००५ च्या कायद्याची मर्यादा. आपल्या राज्यात त्यापुढच्या दिवसांची मजुरी राज्यानं द्यायची आहे. ते शंभरच्या वरचे दिवस मागायला कुणी जात नाही, ही गोष्ट वेगळी.

तुतीची_पानं:
मजुरीच्या मागं लागताना जमिनीकडंही बघा. सिंचन विहीर, फळबाग, तुती ही वैयक्तिक कामंही रोहयोतच बसतात, आणि आपल्याच रानात राबून मजुरी मिळते. तुतीवर रेशीम होतं, बीड, जालन्याला रेशीम कोषांचा बाजार आहे. पण आधी पाणी. पाण्याशिवाय तुतीच्या नादाला लागू नका, माझ्या चुलत्यानं टँकरनं जगवून बघितली, शेवटी उपटली. विहिरीसाठी नाव ग्रामसभेच्या आराखड्यात लागतं, १५ ऑगस्टच्या सभेला भावाला हजर राहायला सांगा.

पुतणीसाठी: ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. बीडला समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात विचारा. तालुक्याला जागा मिळाली तर दहावीचा प्रश्न उचलीपासून वेगळा होईल.

खाडा_नको:
हे वसतिगृहाचं आधी बघा दादा. रोहयोवर वर्ष काढायचं स्वप्न मला पटत नाही, पण पोरगी सुटली पाहिजे.

डोंगरपट्टा (धागाकर्ता):
उशीर झाला, माफी. सुट्टी टाकून गावी जाऊन आलो.

पोस्टाचं कळलं. सीएससीवाले भाऊ, तुमचं पायाला हात लावून खरं. ऑगस्टमध्ये पोस्टातल्या बाईंनी वहिनीला अंगठ्यावर ५,७७२ रुपये काढून दिले होते. सगळे लाडक्या बहिणीचे समजून वहिनीनं त्यात पुतणीची सायकल घेतली. रोजगार सेवकाला वर्षभर शिव्या दिल्या त्या फुकट गेल्या, असं भाऊ म्हणाला. मी म्हटलं, बारा दिवसांच्या मस्टरवर जमा कर.

नमुना ४ चौदा जणांचा दिला, त्यात बाया आठ. सेवक म्हणाला, "पोच कशाला, आपलेच लोक हाव." वहिनी तिथंच ओट्यावर बसली आणि म्हणाली, "आपलेच हाव तर द्या की मग." पाऊण तासानं दिली. ग्रामसेवकाची सही आहे, तारीख आधी घालायची राहिली होती ती मी घालून घेतली. जॉबकार्डही मिळालं, आतली पानं कोरी.

त्या बारा दिवसांच्या मस्टरबद्दल अजून कुठं बोललो नाही. भावाच्या खात्यावर ते पैसे आले होते आणि त्यातले पाचशे ठेवून बाकीचे त्यानं काढून दिले होते, हे त्यानं मला परतीच्या एसटीत बसवताना सांगितलं. त्यामुळं तक्रार कुणाची करायची, तेच कळेना. काका, जमल्यास यावर सांगा, इथं नको असेल तर निरोपात.

वसतिगृहाचा अर्ज आणलाय, ऊसतोड कामगार असल्याचा दाखला लागतोय, तो पुन्हा ग्रामसेवकाकडूनच. मुकादमाचा फोन येऊन गेला. वहिनीनं उचलला, आखाड संपू द्या म्हणाली. पोचेपासून आज सहावा दिवस.