मदत हवी आहे: फूड स्टॅम्पने माणूस जाड होतो असं माझं रिग्रेशन म्हणतंय

मंडळी, एमएच्या प्रबंधात पार अडकलोय, अमेरिकन डेटावर कुणी काम केलं असेल तर प्लीज सांगा. विषय तिथला स्नॅप कार्यक्रम, म्हणजे गरीब घरांना फक्त अन्न घेण्यासाठी मिळणारी सरकारी मदत (२००८ पर्यंत त्याला फूड स्टॅम्प म्हणायचे) आणि लठ्ठपणा. एनहेन्सच्या (तिथल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीच्या) डेटावर साधं ओएलएस (नेहमीचं सरळ रिग्रेशन) चालवलं, उत्पन्न, वय, शिक्षण, घरात माणसं किती, सगळं कंट्रोल केलं तरी स्नॅप घेणाऱ्या बायकांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) जास्तच येतो, पुढे तीन तारे, म्हणजे योगायोग म्हणून सोडता येणार नाही असा. पुरुषांमध्ये काहीच नाही. मी खूश होऊन गाइडना दाखवलं तर ते एवढंच म्हणाले, "दवाखान्यात गेलेले लोक जास्त आजारी असतात, मग दवाखाना आजारी पाडतो का?" झालं, हवाच गेली.

सिलेक्शन, म्हणजे मदत घेणारे मुळातच वेगळे असतात, हे कळतं हो मला. पण थिअरीत पण गोंधळ आहे. ज्या घराचा अन्नखर्च मुळातच मदतीपेक्षा जास्त आहे त्याला स्नॅप आणि रोख पैसे सारखेच, हे साउथवर्थने १९४५ मध्येच मांडलंय. पण हेस्टिंग्ज आणि शपिरो यांच्या २०१८ च्या पेपरात दुकानाच्या बिलांवरून दिसतं की स्नॅपच्या एका डॉलरमागे अन्नावरचा खर्च ५० ते ६० सेंट वाढतो, रोखीत तो १० सेंटच्या आसपास. म्हणजे लोक ते पैसे वेगळ्या खिशात ठेवतात. आता खर्च वाढला म्हणजे कॅलरी वाढल्या असं थोडीच आहे, चांगल्या प्रतीचं पण घेतलं असेल. आणि हॉइन्स, शॅन्झेनबाख, आमंड (२०१६) तर उलटंच सांगतात, लहानपणी फूड स्टॅम्प मिळाले तर मोठेपणी मेटाबॉलिक सिंड्रोम (लठ्ठपणा, रक्तदाब, मधुमेह अशा तक्रारींचा गट) कमी! त्यांनी १९६१ ते १९७५ मध्ये कार्यक्रम काउंटीमागून काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) सुरू होत गेला त्याचा फायदा घेतला, आधी मिळालेल्या आणि नंतर मिळालेल्या भागांची तुलना केली.

मलाही राज्याराज्यांतल्या फरकावरून असंच काही करायचंय पण एनहेन्सच्या खुल्या फाइलमध्ये राज्याचा कोडच नाही. आणि वजन-उंची तिथे खरोखर मोजलेली असते म्हणून सोडवतही नाही. काय करू?

---

राज्य हवंच असेल तर पीएसआयडी (अमेरिकन कुटुंबांची दीर्घकाळ चालू असलेली पाहणी) घे. राज्याचा कोड आहे, त्याच घरांना वर्षाआड परत विचारतात, कुटुंबप्रमुख आणि जोडीदाराचं वजन १९९९ पासून सलग आहे. पण ते तोंडी सांगितलेलं, आणि वजन सांगताना माणूस दोन किलो खिशात घालतोच. त्याला अमेरिकन कृषी खात्याच्या इकॉनॉमिक रिसर्च सर्व्हिसची राज्यवार नियमांची फाइल जोड: कुठे गाडी मालमत्तेत धरतात, कुठे बोटांचे ठसे घेत होते, किती महिन्यांनी परत कागद दाखवायचे. नियम किचकट तिथे लोक कमी येतात, तेच तुझं इन्स्ट्रुमेंट, म्हणजे वजनाशी थेट संबंध नसलेली पण कोण स्नॅप घेतो ते बदलणारी गोष्ट; तिच्यावरून काढलेला अंदाज म्हणजे आयव्ही. आणि हो, सर्व्हेत कितीतरी जण स्नॅप घेऊनही "नाही" म्हणतात. त्याने फक्त ओएलएस बिघडतं असं समजू नकोस, आयव्हीचा आकडाही फुगतो. गाइड विचारणारच.

---

बापरे, हे फुगण्याचं डोक्यातच नव्हतं, थँक्यू! रात्री पीएसआयडी उतरवतो. एकच भीती, ठसे घेणारी राज्यं मोजकीच होती ना, मग फर्स्ट स्टेजचा (नियमांमुळे स्नॅप घेणं किती बदलतं त्या पायरीचा) एफ १० च्या वर जाईल का, म्हणजे इन्स्ट्रुमेंट पुरेसं दमदार ठरेल का? कुणी करून बघितलंय?