शब्दचर्चा: कातारी, कातीव, कातणे

प्रश्न: लाकूड फिरवून गोल घडवतो तो कातारी. पण सूतही कातलंच जातं, मग हा शब्द कातणे मधला की कातरणे मधला? आणि त्याच्या हत्यारांची नावं सुताराचीच असतात का वेगळी?

> संस्कृतात कृत् हे धातू दोन आहेत, एक कापण्याचा (कृन्तति) आणि दुसरा वेढण्याचा, सूत काढण्याचा (कृणत्ति), आणि कर्तन हे रूप दोन्हीकडे होतं म्हणून सगळा घोळ. कातर पहिल्यातली, चरख्यावरचं कातणं दुसऱ्यातलं. माझा कल कापण्याकडे आहे, कारण कातीव खांब म्हणतो तेव्हा तासून गुळगुळीत, रेखीव झालेला असंच डोळ्यासमोर येतं, आणि कातीव चेहरा तिथूनच आला असणार.

> पण जुनी पद्धत बघा ना. लाकडाला दोरीचा वेढा देऊन एका हाताने कमान पुढे-मागे ओढायची, दुसऱ्या हातात पटाशी, म्हणजे लाकूड तासायची छिन्नी, धरायची, बसूनच, आणि तिला आधार पायाच्या बोटांचा. लाकूड एकदा पुढे फिरतं एकदा उलटं, धार लागते ती एकाच दिशेला, उलट्या फेरीत हत्यार जरासं मागे घ्यावं लागतं. मोठं लाकूड असेल तर दोरी ओढायला दुसरा माणूस लागतो. हे बघितलं की वेढणं आणि कापणं एकाच कामात आहे हे पटतं, त्यामुळे मला एकच धातू निवडायची गरज वाटत नाही.

> हत्यारं बरीचशी सुताराचीच. खरबडीत ओंडका आधी वाकसाने, म्हणजे आडव्या पात्याच्या छोट्या कुऱ्हाडीसारख्या हत्याराने, तासून घ्यायचा, मग खोलगट वळणाला गोल पटाशी, सपाटीला साधी पटाशी. कमानीने भोक पाडायचा सामता सुताराकडेही असतो, आणि त्याची कमान-दोरीची युक्ती अगदी हीच, फक्त तिथे हत्यार फिरतं आणि लाकूड स्थिर.

> कातकरी पण यातलाच का?

> नाही हो, तो खैराच्या कातावरून, पानात घालतो तो कात.

> सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचा विषय इथे यायलाच हवा, तिथे चितारआळीत रंगकाम असतं. कर्नाटकातल्या चन्नपट्टणला मात्र लाकूड फिरत असतानाच लाखेची कांडी टेकवतात, घासून गरम होऊन लाख वितळते आणि रंग चढतो, मग वाळलेलं केवड्याचं पान दाबून चकाकी आणतात. लाकूड काळ्या कुड्याचं, म्हणून पांढरट आणि मऊ.

> लाटणं, भोवरा, पाळण्याचे दांडे, पलंगाचे खूर हे सगळं कातीव कामच. पण दुकानात कातीव म्हटलं तर कळत नाही हल्ली, लेथवर केलेलं असंच सांगावं लागतं, आणि हे फार वाईट वाटतं मला.