फोनवर छान बोलतात, म्हणून कुणाला पटत नाही (अनुभव धागा: जोडीदाराचा डिमेन्शिया आणि घरच्यांपासून लांब)

नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको करत होते, आज लिहितेच.

मी ६७, हे ७३. बेंगळुरूत ३१ वर्षं झाली, यांची नोकरी इथली म्हणून घर इथलं. सासर-माहेर दोन्ही सोलापूरला, मुलगा कॅनडात. यांना २०२१ मधे अल्झायमर्स निघाला, म्हणजे स्मृती आणि समज हळूहळू जाते त्या डिमेन्शियाचाच एक प्रकार. आधी वाटायचं वय झालं, विसरतात. पण आयुष्यभर पै-पैचा हिशोब ठेवलेल्या माणसाने एकाच महिन्यात दूधवाल्याला तीनदा पैसे दिले तेव्हा पोटात धस्स झालं. निम्हान्सला, म्हणजे इथल्या मेंदूच्या आजारांच्या सरकारी हॉस्पिटलात, दाखवलं. बी१२, थायरॉइड, एमआरआय सगळं केलं, कारण बी१२ कमी असलं किंवा थायरॉइड बिघडलं तरी असं विसरायला होऊ शकतं आणि त्यावर उपाय असतो, आमच्या नशिबी ते नव्हतं. डॉक्टरांनी घड्याळ काढायला सांगितलं, तर यांनी बाराही आकडे एकाच बाजूला गोळा केले. तो कागद मी अजून जपून ठेवलाय, का ते सांगता येत नाही. रात्री डोनेपेझिल ही त्यावरची गोळी देते, आधी ५ मिलिग्रॅमची होती आता १०. गोळीने आजार थांबणार नाही हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं ते बरं केलं, नाहीतर मी आस लावून बसले असते.

पण मला विचारायचंय ते वेगळंच. दर रविवारी सोलापूरहून व्हिडिओ कॉल येतो. हे शर्ट बदलून, केस विंचरून बसतात. "काय म्हणतंय सोलापूर, पाऊस आहे का, ऊन फार असेल" असं दहा मिनिटं एकदम ठणठणीत बोलतात. फोन ठेवला की मला विचारतात, कोण होतं गं? आणि तिकडे नणंद म्हणते, वहिनी, दादा तर छान आहे की, तूच फार टेन्शन घेतेस. रात्री तीनदा उठून दार उघडायला जातात, बाथरूम समजून कपाटाशी उभे राहतात, हे तिला कसं दिसणार?

लांबच्या माणसांना तुम्ही कसं पटवलं? पटलं नाही तर एकट्याने कसं निभावलं? जे असेल ते लिहा, चुकलेलं पण.

*

एडिसन, न्यू जर्सीहून. मी नवरा, बायकोचं करतोय, पाचवं वर्ष.

ताई, तुमचं घड्याळाचं वाचून थांबलो जरा. आमच्याकडे भाषेपासून सुरुवात झाली. हिने इथे २६ वर्षं लायब्ररीत काम केलं, इंग्लिश माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. ते सगळ्यात आधी गेलं. मग आमचं रोजचं मराठी पण विरळ झालं आणि आता बोलते ती मालवणी, लहानपणची, आजीकडची. मी नागपूरचा, लग्नाला ४५ वर्षं झाली तरी मला अर्धं कळायचं नाही, आता शिकतोय. संध्याकाळ झाली की "माका घराक जावचा आसा" सुरू होतं. डॉक्टर म्हणाले हे बऱ्याच पेशंटना दिवस कलताना होतं, सनडाऊनिंग म्हणतात. आधी मी समजावत बसायचो की हेच आपलं घर आहे, हे बघ कागद, हा बघ तुझा फोटो. ती रडायची, एकदा माझ्यावर हात उगारला, तिने, जिने आयुष्यात मुलांना चापट मारली नाही. आता मी म्हणतो, चल जाऊया. कोट घालतो, गाडीत बसवतो, दोन चौक फिरून परत येतो आणि दार उघडताना म्हणतो "इलव गो घराक", म्हणजे आलो गं घरी. बहुतेक वेळा शांत होते. खोटं बोलतोय असं सुरुवातीला फार वाटायचं, आता नाही वाटत. तिला जे घर हवंय तिथे मी तिला नेऊ शकत नाही, एवढं तरी करतो.

आंघोळीला बाईमाणूस ठेवली होती, ही तिला जवळ येऊ देईना. मग मीच घालायला लागलो, अंगावर टॉवेल ठेवूनच, आणि पाणी आधी पायावर, डोक्यावर शेवटी. केस विंचरायला पण शिकलो. इथल्या लोकांसाठी दोन गोष्टी: मेडिकेअर, म्हणजे इथला म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्यविमा, अशा रोजच्या सांभाळाचे पैसे देत नाही, हे आम्हाला उशिरा कळलं. आणि अल्झायमर्स असोसिएशनची हेल्पलाइन २४ तास असते, दुभाषी पण देतात. मी एकदा पहाटे दोनला फोन केला होता, नुसता बोललो, पलीकडच्या बाईंनी ऐकलं.

पटवायचं म्हणाल तर मी काही केलं नाही. हिच्या बहिणीने मालवणीत गप्पा सुरू केल्या आणि तिचं तिलाच कळलं, कारण ही दर दोन मिनिटांनी विचारत होती आई कशी आहे. आईला जाऊन २२ वर्षं झाली.

*

इंदूरहून.

आमचं चुकलेलं लिहिते म्हणजे दुसऱ्यांचं नुकसान वाचेल. सगळ्या एफडी यांच्या एकट्याच्या नावावर होत्या. मी वकिलांकडे गेले की मुखत्यारपत्र करून द्या, ते म्हणाले यांना समजत नसेल तर आता करता येत नाही. आणि आधी केलेलं असतं तरी माणसाची समज गेली की आपल्या १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे साधं मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी उपयोग शून्य. शेवटी पालक म्हणून नेमा असा हायकोर्टात अर्ज करावा लागला, त्यात किती महिने आणि किती पैसे गेले ते नको विचारू. ज्यांचं नुकतंच निदान झालंय त्यांनी या आठवड्यात बँकेत जाऊन खाती जॉइंट करा, आयदर ऑर सर्व्हायव्हर, म्हणजे दोघांपैकी कुणीही एकट्याने व्यवहार करू शकेल अशी. नॉमिनी वेगळा, त्याने हयातीत काही होत नाही.

पेन्शनवाल्यांनी हयातीचा दाखला मोबाइलवर घरबसल्या करा, चेहरा दाखवून होतो. त्यात डोळे मिचकवायला सांगतात, यांना ते कळेना, शेजारचा मुलगा समोर बसून डोळे मिचकवत राहिला तेव्हा यांनी त्याची नक्कल केली आणि झालं.

*

सिकंदराबाद. छोटंसं. मिस्टर सकाळी ऑफिसला जायचं म्हणून बाहेर पडले, रिटायर होऊन १२ वर्षं झालीत. संध्याकाळी बस डेपोवर सापडले, पायात दोन वेगळ्या चपला. तेव्हापासून हातात कडं आहे, त्यावर माझा नंबर तेलुगू, हिंदी, इंग्लिशमधे. आणि दाराला कडी खाली नाही, अगदी वरती लावली, तिकडे त्यांचं लक्ष जात नाही. मी घरात असतानाच लावते पण, आग लागली तर काय हा विचार सोडू नका.

*

लेस्टर, इंग्लंड. यांना लेवी बॉडीचा डिमेन्शिया आहे, त्यात नसलेलं दिसतं. यांना परसात मुलं दिसतात, दोन मुली आणि एक मुलगा, थंडीत बिनस्वेटरची. पहिले मी म्हणायचे अहो कुणी नाहीये तिथे, मग चिडायचे. आता विचारते, काय करतायत? म्हणतात खेळतायत. बरं म्हणते आणि पडदा ओढते. त्रास होत नसेल तर दिसू देत.

एक महत्त्वाचं, या प्रकारात हॅलोपेरिडॉलसारखी, भास आणि चिडचिड शांत करायला देतात ती औषधं खूप धोक्याची असतात, म्हणून मी फ्रीजवर आणि पर्समधे मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय. दुसरं, एकदा दोन दिवसांत एकदम ढासळले, मला ओळखेनात, चालता येईना, मी समजले की आता पुढची पायरी आली. लघवीचं इन्फेक्शन निघालं. अँटिबायोटिकने आठवड्यात परत होते तसे झाले. अचानक बिघडलं तर आजार वाढला असं गृहीत धरू नका, आधी तपासा.

इथे असाल तर अटेंडन्स अलाउन्स, म्हणजे सांभाळ लागणाऱ्या वयस्कांना सरकार देतं तो भत्ता, मागा, त्याला उत्पन्न बघत नाहीत. लास्टिंग पॉवर ऑफ अटर्नी (समज गेल्यावरही चालणारं इथलं मुखत्यारपत्र) समज शाबूत आहे तोवरच करता येते. आणि अ‍ॅडमिरल नर्स म्हणून डिमेन्शियाच्या खास नर्स असतात, आमची पहिल्या भेटीत यांच्याशी बोलली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, तुम्ही शेवटच्या कधी झोपलात? मला उत्तर देता आलं नाही.

*

मी या धाग्यात जरा उलट्या बाजूची आहे. मेलबर्नला असते, आईबाबा वडोदऱ्याला. फोनच्या पलीकडून "बाबा तर छान आहेत" म्हणणारी ती मी.

मला खरंच तसं वाटायचं. बाबा हसायचे, जोक मारायचे. गेल्या वर्षी मी तीन आठवड्यांसाठी तिकडे गेले आणि आईला हट्टाने मावशीकडे पाठवलं सहा दिवस. चौथ्या रात्री तीन वाजता बाबांनी मला बाहेर काढायला सुरुवात केली, तू कोण, घरात कशी आलीस. मी रडत पायरीवर बसले. सकाळी म्हणाले, अगं तू कधी आलीस, चहा घेतलास का? आईचं वजन ९ किलो उतरलं होतं, मला स्क्रीनवर कधी दिसलंच नाही, कारण ती कॅमेरा कायम बाबांकडे धरायची.

तेव्हापासून मी आईला वेगळा फोन करते, बाबा दुपारी झोपलेले असतात तेव्हा, आणि बाबांबद्दल विचारायच्या आधी तिला विचारते जेवलीस का. औषधं ऑनलाइन मी मागवते, बिलं मी भरते, रात्रीच्या अटेंडंटचे पैसे मी देते. धागा काढणाऱ्या काकू, तुम्हाला एक सांगू का, "कधीतरी येऊन जा" म्हणू नका. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत या आणि रात्री तुम्ही उठा, असं सांगा. दहा मिनिटांत नाही कळत, सहा रात्री लागतात.

*

धागा काढणारी परत आले. सगळ्यांचं दोनदा वाचलं, एकदा रडून आणि एकदा वहीत लिहून घेत. बँकेत परवा जाऊन आले, जॉइंट आधीपासूनच होतं एवढं सुदैव.

एकांनी मला व्यक्तिगत कळवलं की रात्रीचे व्हिडिओ काढून पाठवा, मग पटेल. मला ते नाही जमणार. यांना कळत असतं तर त्यांनी ते कुणालाही दाखवू दिलं नसतं, आणि आता कळत नाही म्हणून मी दाखवायचं? त्यापेक्षा मेलबर्नच्या मुलीचं ऐकलं. नणंदेला फोन केला आणि पाठ केल्यासारखं बोलून टाकलं, १४ ते २१ ये, रात्री तू त्यांच्या खोलीत झोप, मी बाहेर झोपते. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, वहिनी, इतकं आहे का? मी हो म्हटलं, एवढंच. उद्यान एक्सप्रेसचं तिकीट काढलंय तिने.

आज सकाळी यांना सांगितलं बहीण येतेय सोलापूरहून. म्हणाले, कुणाची बहीण? मी म्हटलं तुमची. बराच वेळ खिडकीतून बघत बसले आणि मी पोळ्या करत असताना मागून येऊन म्हणाले, शेंगाचटणी आणायला सांग तिला, जाडसर कुटलेली.

उठले वाटतं, दाराचा आवाज आला. येते.