शब्दचर्चा: ‘चावान’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न
क्योतोच्या राकू या कुंभार घराण्यातले पंधरावे किचिझाएमोन (हे घराण्याच्या प्रमुखाला वारशाने मिळणारे नाव) यांच्यावरचा लेख मराठीत आणते आहे. जन्म १९४९ चा, तोक्योत शिल्पकला शिकले, १९८१ मध्ये घराण्याच्या गादीवर आले. २०१९ मध्ये ती मुलाकडे सोपवली आणि आता ‘जिकिन्यू’ हे नाव लावतात. चहाच्या विधीसाठी ते ‘चावान’ घडवतात. आधी मी ‘कप’ लिहिले, पण कपाला कान असतो. ‘बोल’ म्हटले की सूप आठवते. ‘चहापात्र’ चालेल का?

प्रतिसाद
चहापात्र नको, त्यात किटली ऐकू येते. शिवाय आपला ‘पात्र’ बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला कधीच पोहोचलाय. तिथे झिजून त्याचा ‘हाची’ झाला. हाची म्हणजे खोलगट भांडे, अगदी झाडाची कुंडीसुद्धा. चावानमधला ‘चा’ आपल्या चहाच्याच कुळातला आणि ‘वान’ म्हणजे वाडगा. ‘चहाचा वाडगा’ लिहा. त्यातले ‘चहाचा’ मात्र गाळू नका. आजच्या जपानी घरात नुसते चावान मागितले तर भाताचा वाडगा हातात येतो. चहाचाच हवा असेल तर ‘माच्चा-जावान’ असे फोडून सांगावे लागते.

प्रतिसाद
वाडग्याला भिकेचा वास आहे हो. इतक्या मोलाच्या वस्तूला तो शब्द मला जड जातो.

प्रतिसाद
मला उलट तो साधेपणामुळेच पटतो. सोळाव्या शतकात चहाच्या विधीचे गुरू सेन नो रिक्यू यांनी चहाची खोली दोन चटयांपर्यंत लहान केली. त्यांच्यासाठी चोजिरोने काळे, बिननक्षीचे वाडगे घडवले, आणि राकू घराणे तिथूनच सुरू होते. या घराच्या दारावरच्या पडद्यावर आजही ‘ओचावान्या’ असे लिहिलेले आहे, म्हणजे चहाच्या वाडग्यांचे दुकान. त्यांना स्वतःला साधा शब्द पुरतो, तर आपण तो का चढवावा?

क्रियापदाकडेही लक्ष द्या. मूळ लेखात ‘चाकावर’ असे काही असेल तर तपासून घ्या. राकू वाडगा चाकावर फिरवत नाहीत. मातीची चपटी चकती घेऊन दोन्ही तळव्यांनी तिच्या कडा वर उचलतात, मग लोखंडी पात्याने तासतात. मातीचा आकार ओंजळीतून येतो, आणि पिणाराही तो ओंजळीतच धरतो. ‘ओंजळ’ हा शब्द लेखात कुठेतरी यायलाच हवा असे मला मनापासून वाटते. जिकिन्यूंचे कितीतरी वाडगे इतके तासलेले असतात की काठ खडकासारखा दिसतो, म्हणून तिथे ‘बनवले’ फार मऊ पडते. ‘घडवले’, ‘तासले’ लिहा.

अवयवांची नावे सोपी जातील. आपल्या गाडग्याला तोंड, मान, पोट, बूड असते. जपानीतही वाडग्याला तोंड, धड, कंबर आहे. आतल्या तळाशी शेवटचा घोट साचतो, त्या जागेलाही वेगळे नाव आहे, ‘चादामारी’. ‘चहाचा खळगा’ म्हणता येईल.

प्रतिसाद
‘टी सेरेमनी’ला समारंभ म्हणू नका. समारंभात पाहुण्यांची गर्दी असते, इथे चारपाच माणसे शांत बसलेली असतात. ‘चहापान’ म्हटले तर अधिवेशनाच्या आदल्या दिवशीचे, सरकारने विरोधकांना बोलावलेले चहापान डोळ्यांपुढे येते. ‘विधी’ बरा.

मूळ प्रश्न विचारणारी
‘चहाचा वाडगा’ आणि ‘विधी’ पक्के. ओंजळही घेतली. आता अडले आहे ते ग्लेझवर. झिलई म्हणू?

प्रतिसाद
झिलईत चकाकी गृहीत आहे, आणि चोजिरोचे काळे वाडगे तर जवळजवळ निस्तेज आहेत. त्या काळ्या लेपात कामो नदीतल्या दगडाची पूड असते. भट्टीत एका वेळी एकच वाडगा, कोळशाला भात्याचा वारा. लेप वितळला की लालबुंद वाडगा सांडशीने बाहेर ओढायचा. बाहेरच्या हवेत तो झपाट्याने निवतो आणि काळा होतो. सांडशी जिथे टेकली तिथे खूण राहते, ती कोणी पुसत नाही. म्हणून मी ‘लेप’ म्हणेन, आणि त्या खुणेला ‘सांडशीची खूण’. ‘डाग’ मात्र नको.