फ्रस्ट्रेटेड चुंबकाला मराठीत काय म्हणायचं?

केतकी_पान: स्पिन ग्लास, म्हणजे ज्यात अणूंचे चिमुकले चुंबक (स्पिन) वाटेल त्या दिशेला गोठतात असा पदार्थ, त्यावरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय आणि पहिल्याच परिच्छेदात गाडी अडलीय. त्रिकोणाच्या तीन टोकांना तीन स्पिन, प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचंय, दोघांचं जमतं पण तिसरा कसाही वळला तरी एकाशी बिनसणारच. तुलूज ह्या भौतिकशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये ह्याला फ्रस्ट्रेशन नाव दिलं. संपादक म्हणतात 'वैफल्यग्रस्त चुंबक' लिहा. मला दाढी वाढवलेला चुंबक दिसायला लागला.

आडवाट: वैफल्य म्हणजे धडपड करून हाती काही न लागणं, ते इथे नाहीच. 'कुचंबणा' घ्या. सासू एक सांगते, नवरा दुसरं, मधल्या सुनेची होते ती. बहुतेक कोंबणेवरूनच आला असणार हा शब्द.

जुना_खडू: ध्वनी जुळला की झाली व्युत्पत्ती! जरा मोल्सवर्थचा कोश उघडत जा.

तांबडामुंगळा: कुचंबणा चालेल, पण खरी पंचाईत पुढे आहे, क्वेंच्ड डिसऑर्डर. सोन्यात थोडं लोखंड मिसळलं की लोखंडाचे अणू कुठेही पडतात, आणि अंतराप्रमाणे दोन अणूंना कधी एकाच दिशेला राहायचं असतं कधी उलट, त्यामुळे सगळ्यांचं मन राखणं अशक्य. थंड केलं की स्पिन मिळेल त्या दिशेला गोठतात. कॅनेला आणि मायडॉश ह्या संशोधकांना १९७२ मध्ये ह्याच मिश्रधातूचा चुंबकीय प्रतिसाद तापमानाप्रमाणे कसा बदलतो त्याच्या आलेखात टोकदार शिखर दिसलं होतं. क्वेंच्ड म्हणजे अणूंच्या जागा ठरल्या त्या ठरल्या, हलणार फक्त स्पिन.

जुना_खडू: 'यादृच्छिक अव्यवस्था' लिहा, परिभाषा आहे की.

आडवाट: यादृच्छिक म्हणताना जिभेचीच कुचंबणा होते हो. रँडम लिहा, पोरं रोज म्हणतात.

जुना_खडू: स्पिन, ग्लास, रँडम, डिसऑर्डर... मग मराठीत उरलं काय, 'आहे' आणि 'नाही'?

तांबडामुंगळा: 'अव्यवस्था'सुद्धा जपून वापरा. स्पिनच्या सारख्याच ऊर्जेच्या ढीगभर रचना असतात तेव्हा उष्णतेची चुळबुळ किंवा थोडी भेसळ त्यातली एखादी निवडून देऊ शकते, म्हणजे गोंधळातूनच शिस्त. विलँ (Villain) ह्या भौतिकशास्त्रज्ञाने आणि मंडळींनी हे १९८० मध्ये दाखवलं.

केतकी_पान: भेसळ मस्त! आणि क्वेंच्डचं काय? लोहार तापलेलं पातं बुडवतो तसं 'पाणी दिलेली भेसळ'?

कऱ्हाकाठ: पाणी देतात उसाला. विळ्याला पाजतात.

आडवाट: आमच्याकडे विळ्यालाही देतातच.

तांबडामुंगळा: अहो पण त्याने दूधवाला आठवतो त्याचं काय?

कऱ्हाकाठ: पाजलेली म्हणा, मग नाही आठवणार.